शॅम्पू आणि मामाची म्हैस

शॅम्पू हा शब्द आमच्या कोल्हापुरातून विलायतेला गेला, असं मी एके काळी शाहूपुरीतल्या दूधकट्ट्यावर छाती ठोकून सांगत असे. पहिल्या दिवशी गोष्टीत एक गोरा साहेब पंचगंगेच्या घाटावर आला होता, एवढंच होतं. आठवड्याभरात त्याच्याबरोबर मडम आली, मडमेची कुत्री आली, कुत्र्यांना वारा घालणारा नोकर आला. साहेबाची कंबर धरली होती. त्याला तालमीत नेऊन तांबड्या मातीत पालथा पाडला आणि वस्ताद पोरांवर ओरडले, "चांपो!" म्हणजे दाबा, मळा. पोरांनी साहेब असा काही मळला की उठल्यावर तो बोटीची वाट न बघता चालतच लंडनला गेला आणि राणीसमोर उभा राहून पहिला शब्द बोलला तो, "शॅम्पू!"

कट्ट्यावर दूध प्यायला आलेली माणसं हसताना मिशीवरचा फेस एकमेकांच्या अंगावर उडवायची. शेजारच्या गोठ्याचे मालक, ज्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणायची, ते मात्र गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "भाच्या, साहेब चालत गेला म्हंतोस, मग समुद्रात काय केलं त्येनं?"

"आण्णा, तंवर त्यो इतका हलका झालता, पाण्यावरनं चालला की!"

"तुझ्या थापंला म्हस बांधली तर ती बी उडून जाईल लेका."

एवढ्या सगळ्या गोष्टीत खरा दाणा एकच होता, चांपो. तो मला कॉलेजात मिळाला होता. मी मलकापूरचा. इंग्रजी घेऊन बी.ए. करायला मामाकडे शाहूपुरीत राहिलो होतो. आमच्या सरांनी एका तासाला सांगितलं की शॅम्पू हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचललाय. हिंदुस्थानीत चांपना म्हणजे दाबणं, मळणं. चांपो हा त्यातला हुकूम. साहेबानं हुकूम ऐकला आणि त्याचाच शब्द केला. सुरुवातीला साहेबाच्या मुलखात शॅम्पू करणं म्हणजे हातपाय चेपणं, अंग रगडून मोकळं करणं. केसांचा काही संबंध नव्हता. मग चेपणारा हात हळूहळू वर सरकत डोक्यावर गेला आणि तिथंच रमला. पुढं हातही गेला आणि बाटलीतल्या फेसाला ते नाव चिकटलं. आपण चापूनचोपून म्हणतो, पाय चेपून दे म्हणतो, ती सगळी त्याचीच भावंडं असणार, असं सर म्हणाले. आणि म्हणाले, आपल्या घरातला पोरगा साहेबाकडं राहून परत दारात आला, तर आपण त्यालाच विचारतोय, कोण पाहिजे आपल्याला?

वर्गात सगळे हसले. मी हसलो नाही. मला एवढा मोठा ऐवज सापडला होता की तो घेऊन कधी एकदा कट्ट्यावर जातो असं झालं होतं. ती नव्वदीची वर्षं होती. किराणा दुकानांच्या दारांवर शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा नुकत्या तोरणासारख्या लोंबायला लागल्या होत्या. गावाकडून येणारी पाहुणी मंडळी साबण ठेवून पुडी मागायला लागली होती. म्हणजे शब्द सगळ्यांच्या तोंडी, आणि त्याची जन्मकुंडली एकट्या माझ्याकडं.

कोल्हापुरात संध्याकाळी काही कोपऱ्यांवर गवळी आपापल्या म्हशी घेऊन उभे राहतात. गिऱ्हाईक समोर आलं की तिथंच धार काढायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा. माझा मामा त्यातला. त्याच्या तीन म्हशींतली थोरली पंढरपुरी होती. शिंगं इतकी लांब की ती वळली की मागची माणसं खाली वाकायची. ती मामाशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. मामा चार घरं पलीकडून हाक मारायचा, "हुर्रर्र, ये माझी आये!" आणि ही बया दावं ताणून उभी राहायची. मामाच्या हाकेचं काय सांगू! त्यानं शाहूपुरीत हाक मारली की मलकापुरात माझ्या आईच्या हातातली भाकरी तव्यावरच थबकायची. ती म्हणायची, "दादाची म्हस सुटली वाटतं."

ती हाक त्या वर्षी गेली. तंबाखूनं मामाचा घसा खाल्ला होता. मिरजेला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. मामा परत आला तो गळ्याला फडकं गुंडाळून. बोलायला तोंड उघडायचा आणि फडक्याखालून नुसता वारा यायचा. घरात आम्ही सगळे त्याच्याशी उगाचच मोठ्यानं बोलायला लागलो, जणू त्याचे कान गेलेत. म्हशींना हाक मारायच्या ऐवजी तो आता मांडीवर थाप मारायचा. जवळ आला की थोरली त्याच्या काखेत नाक घालून फुरफुरायची आणि पान्हा सोडायची. पण ते गोठ्यात, चार हातांवरून. लांबून, गर्दीतून, ती येईल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि दिवाळीचा पाडवा जवळ येत होता.

पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. म्हशीचे केस भादरून अंगावर नक्षी काढायची, तेल चोळून आरशासारखी करायची, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. मग मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, हलगी कडकडतेय, दोन्हीकडं माणसांची भिंत, आणि एवढ्या दणक्यातून म्हैस मान वर करून आपल्या मालकाच्या मागनं पळत येते. कासरा नाही, काठी नाही. ती येते कारण तो तिचा आहे. यात नंबर-बिंबर असला तरी त्याला कुणी विचारत नाही. आली का नाही, एवढंच गल्ली बघते.

आण्णांनी कट्ट्यावरच विषय काढला. मामा समोर धार काढत बसला होता.

"पावणं, या साली नगं पळवायला. म्हस हाकंला वळखती, माणसाला न्हाय. उगंच चारचौघांत आब जायचा."

मामानं पेला खाली ठेवला. उठला. आण्णांच्या समोर जाऊन स्वतःच्या मांडीवर अशी थाप मारली की कट्ट्यावरची कबुतरं उडाली.

"बरं, बरं," आण्णा म्हणाले. "येऊ दे की मग. मी काय वाईट चितलंय व्हय?"

त्या दिवसापासून मामाला दुसरं काही सुचेना. मामी सांगायची की तो झोपेतही मांडी बडवतोय. ऑपरेशनला जातानासुद्धा या माणसाच्या तोंडावर भीती दिसली नव्हती. ती मला आता दिसली, थोरलीच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला की. आवाज गेला ते त्यानं सोसलं होतं. पण म्हैस आली नाही तर आपण कोण, हा प्रश्न त्याला पडला होता आणि तो कुणाला विचारायची सोय उरली नव्हती.

मला मदत करायची होती. हे खरं आहे. पण मदत अशी करायची होती की ती गल्लीला दिसली पाहिजे, हेही तेवढंच खरं.

पाडव्याच्या सकाळी आम्ही थोरलीला धुवायला काढली. मामा दरवर्षी काथ्या आणि साध्या पाण्यानं धुवायचा. मी शॅम्पूच्या पुड्यांची माळ गळ्यात घालून गोठ्यात शिरलो.

मामी म्हणाली, "ह्ये काय आणि सोंग?"

"मामी, शॅम्पू म्हंजे केस धुवायचं औषध न्हाय. लोकांना ठावंच न्हाय. चांपो म्हंजे अंग रगडायचं. हा शब्द मुळात केसांचा न्हाय, मांसाचा हाय. आणि कोल्हापुरात थोरलीएवढं मांस दुसऱ्या कुणाच्या अंगावर हाय सांग. म्हंजे शॅम्पूचा पयला मान कुणाचा?"

"आरं पण वासाचं काय?"

"वास येऊ दे की! म्हस पुढं जाईल आणि वास मागनं!"

मामा काथ्या हातात धरून उभा होता. त्यानं पंजा वर केला आणि या बाजूनं त्या बाजूला हलवला. सावकाश, दोनदा. लहान पोरालाही कळलं असतं. मी मामीकडं वळून म्हणालो, "बघ, मामा म्हंतोय हुईल तसं हू दे."

बोलता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात मी माझे शब्द घातले. नंतर जे झालं ते झालंच, पण माझे कान अजून तापतात ते या वाक्यानं.

मी एक पुडी सोडून सगळी माळ रिकामी केली. फेस म्हशीवर मावेना. गोठ्यातून गल्लीत गेला, गल्लीतून गटारात, आणि आण्णांची कोंबडी त्यात बुडून पांढरीशुभ्र बाहेर आली, ती मुळात काळी होती. उरलेली एक पुडी मी स्वतःच्या डोक्याला लावली. हिरव्या सफरचंदाचा वास होता. आमच्यापैकी कुणी हिरवं सफरचंद बघितलं नव्हतं. थोरली चमकली मात्र अशी की तिच्यात तोंड बघून दाढी करावी. ती सारखी मान वळवून स्वतःचा खांदा हुंगत होती. मला वाटलं, खूष आहे. मामाला वेगळं काहीतरी वाटलं असणार. तो तिच्या तोंडाजवळ जाऊन उभा राहिला आणि ती शिंकली.

दुपारी गल्ली माणसांनी फुटायला आली. आण्णांची म्हैस आधी पळाली, झकास पळाली. मग मामा. त्यानं मोटरसायकल रस्त्याच्या मधोमध नेली, थोरलीला सोडलं आणि पुढं जाऊन थांबला. हलगीवाल्यांनी त्याचा मान म्हणून वाजवणं थांबवलं, म्हणजे थाप ऐकू जावी. एवढी माणसं गप्प झालेली मी त्या गल्लीत पुन्हा कधी पाहिली नाहीत.

मामानं मांडीवर थाप मारली.

थोरलीनं कान हलवले. पण जागची हलली नाही. नाक वर करून वारा घेतला, परत स्वतःचा खांदा हुंगला.

मामानं परत थाप मारली. मग परत. मग त्यानं तोंड उघडलं. त्याला हाक मारायची होती. गळ्यातल्या फडक्याखालून नुसता फस्स आवाज आला, आणि पुढच्या रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या.

तेव्हा थोरली चालायला लागली. गल्लीनं आरोळी ठोकली. मामानं गाडीला किक मारली. पण ती सरळ गेली नाही. ती वळली. शिंगं वाचवत माणसं बाजूला झाली, आणि ती मी उभा होतो तिथं आली आणि माझ्या डोक्यात नाक खुपसून फुरफुरली.

तिला या सगळ्या गर्दीत एकच वास ओळखीचा सापडला होता, तिच्या स्वतःच्या अंगाचा. तो माझ्या केसांना होता.

आधी कुणाला कळेना. मग कुणीतरी ओरडलं, "मालक बदलला रं!" आणि हसू फुटलं. "भाच्यानं म्हस फितवली!" "मामा, गाडी बी दिऊन टाका भाच्याला!" हलगी परत सुरू झाली. मी मागं सरकलो, ती पुढं आली. मी पळालो तर ती पळाली. आणि कशी पळाली! मान वर, शेपटी वर, जशी मामाच्या मागनं पळायला पाहिजे होती, अगदी तशी. भिंतीशी अडकेपर्यंत मी त्या गल्लीतून पळालो आणि माणसं टाळ्या पिटत होती.

भिंतीला पाठ लावून मी ओरडलो, "आवं शॅम्पू! तिला मी शॅम्पू लावलाय! माझ्या डोक्याला बी त्योच हाय! ती वासानं आली, माझ्या मागनं न्हाय!"

"आणि साहेब?" कुणीतरी विचारलं. "साहेब बी वासानंच आलता काय घाटावर?"

गल्ली लोळायची बाकी राहिली. आयुष्यात इतक्या कळकळीनं मी खरं बोललो नव्हतो, आणि ती माझी सगळ्यात झकास थाप ठरली. मी आणखी ओरडलो, शपथा घातल्या, तसतसे ते आणखी हसत गेले.

हसत नव्हते ते फक्त आण्णा. ते मामाच्या मोटरसायकलजवळ गेले आणि हळूच तिची किल्ली फिरवून बंद केली. मामा उतरला. गर्दीतून माझ्याकडं आला, खांद्यावरचं दावं थोरलीच्या गळ्यात घातलं आणि त्याचं टोक माझ्या हातात दिलं. रागानं दिलं असतं तर मी ते सोसलं असतं. त्यानं ते नीट दिलं, गाठ माझ्या मुठीत बसली का बघितलं आणि घराकडं चालू लागला. त्याच्या मागनं आण्णा त्याची गाडी ढकलत गेले.

त्यानंतर मामा गोठ्यात येईना. अंगणात बाजेवर बसून राही, गोठ्याकडं पाठ करून. मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. शॅम्पू, वास, सफरचंद. तो ऐकायचा, मान हलवायचा. पटल्यासारखी नव्हे, पोराचं मन राखल्यासारखी. इतकी वर्षं माझ्या थापा ऐकलेला माणूस, त्यानं ही एकच तेवढी का खरी धरावी?

थोरलीनं दूध चोरलं, पान्हाच सोडेना. मामी बसली, तिला लाथ. मी बसलो, मला चाटलं आणि मग लाथ. कट्ट्यावर तिच्या दुधाची गिऱ्हाइकं पेले घेऊन उभी राहायची आणि रिकाम्या हातानं परत जायची. मी रोज तिला शेणामातीनं माखायचो, गोठ्यातली राख चोळायचो. आता मामासारखा काथ्यानंच चोळायचो. पण माझ्या डोक्याचा वास काही जाईना. निदान मला तसं वाटायचं. पाण्यानं जाईना, शिकेकाईनं जाईना. शेवटी मी सलूनमध्ये जाऊन खुर्चीत बसलो आणि सगळं डोकं उतरवून घेतलं.

मला बघून मामीच्या हातातलं सूप पडलं. "आरं मुडद्या, आई-बापापैकी कुणी गेलं काय मलकापूरला?"

"न्हाय मामी."

"मग कशापायी डोकं बोडलंस? तुझा मामा जित्ता हाय की अजून, का त्येची बी तयारी केलीस?"

तिच्या ओरडण्यानं मामा बाजेवरून वळला. माझ्याकडं बघत राहिला. मग उठून जवळ आला, माझ्या तुळतुळीत गोट्यावरून पंजा फिरवला आणि तो पंजा नाकाशी नेऊन हुंगला. त्यानं परत माझ्याकडं पाहिलं. थापेपायी कुणी डोकं उतरवून घेत नाही. आता त्याच्या डोळ्यांत मी सांगितलेलं सगळं एकदम पोचल्यासारखं दिसलं. खरं म्हणजे त्यानं तिथंच मला एक ठेवून द्यायला हवी होती. तो गोठ्याकडं चालायला लागला.

मी दारातून बघत होतो. मामा थोरलीपासून लांब, आतल्या भिंतीपाशी थांबला. थाप मारली नाही. नुसता उभा राहिला. थोरलीनं कान ताठ केले, तोंडातला चारा तसाच ठेवला, दावं ताणलं. दावं लहान होतं. ती त्याच्यापर्यंत पोचेना, म्हणून तिनं मान लांब केली, शिंगं भिंतीला घासली, आणि हंबरली. तिचं हंबरणं मी आधीही ऐकलं होतं. पण तेव्हा ते मामाच्या हाकेच्या उत्तराला असायचं. आता हाक नव्हती.

एखादा बरा माणूस तिथून गुपचूप निघून गेला असता. मी पळत सुटलो. बोडकं डोकं घेऊन गल्लीतून ओरडत, "आण्णा! या! बघा! वळखलं तिनं! मी म्हटलं नव्हतं? या सगळी!" दोन दारं उघडली, कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं आता काय नवीन. आण्णा तेवढे धोतर सावरत आले, मी त्यांचा हात धरून ओढत होतो.

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मामा धारेला बसत होता. चरवी त्याच्या गुडघ्यांत होती, कपाळ थोरलीच्या कुशीला टेकलेलं. त्यानं मान वळवली. मला पाहिलं, आण्णांना पाहिलं, मागनं येणाऱ्या दोघातिघांना पाहिलं. चरवी खाली ठेवून तो उठला, दारापाशी आला आणि आमच्या तोंडावर दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

पुढच्या पाडव्याला, आणि त्याच्या पुढच्याही, मामानं थोरलीला रस्त्यावर काढलं नाही. गल्लीनं जे बघितलं होतं तेवढंच गल्लीकडं राहिलं. मी ते बदलायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी जितका सांगायचो तितकं ते बिघडायचं.

पण त्या संध्याकाळी मी दाराला हात लावायला गेलो आणि आण्णांनी माझं मनगट धरलं.

"उगडू नगंस."

"आण्णा, तुम्हांला दिसायला नगं? तुम्हीच म्हणालता की—"

"गप की जरा."

आम्ही दोघं लाकडाला कान लावल्यासारखे उभे राहिलो. आत बराच वेळ काही नव्हतं. मग चरवीच्या बुडाला पहिली धार वाजली, कोरड्या भांड्यावर वाजते तशी, खणखणीत. मग दुसरी. मग धारा एकीत एक मिसळल्या आणि दुधात दूध पडल्याचा जाड, भरलेला आवाज यायला लागला.

आण्णांनी माझं मनगट सोडलं, टोपी सारखी केली, आणि जे आले होते त्यांना हातानंच मागं फिरवत आपल्या घराकडं गेले.